मध चाटवलाय मी

बायांनो, सकाळपासून जीव थाऱ्यावर न्हाई, म्हणून मोबाइलच्या आपल्या गटावर लिहितेय.

आमची थोरली सून मंगल आशाताई हाय. बाळाला काय पाजायचं, काय न्हाई, त्याचं ट्रेनिंग ती मिरजगावला करून आली. काल तिनं माझ्यावरच सराव केला. "आत्या, तुमी हट्टी सासू व्हा, मी समजावते." कापडी बाहुली मांडीवर घेऊन म्हणली, "सहा महिने नुसतं आईचं दूध. पानी न्हाई, घुटी न्हाई. मध तर मुळीच न्हाई, बाळ दगावतं त्यानं."

मी म्हणले, "व्हय बाई, पटलं."

"खऱ्या सासवा इतक्या लवकर ऐकत न्हाईत!" म्हणून हसली.

आज ती दुसऱ्यांच्या सासवांना समजवायला गेली. इकडं धाकट्या सुनेचं चार दिवसांचं बाळ रडायला लागलं, अन् मी बोटानं मध चाटवला. माझ्या पोरांना चाटवलाच हुता की!

तवापासून दहा येळा पाळण्यात डोकावले. बाळ दूध पितंय, झोपतंय. बोट तीनदा धुतलं, पन त्यानं आता काय हुतंय?

मंगल, तू फोन उचलंनास, पन तू बी या गटात हायेस. हे वाचलंस की दवाखान्यात फोन लाव अन् घरी ये. शिव्या मागनं घाल.

अन् बायांनो, तुमच्यातल्या किती जणी आशाताईला असंच नुसतं "व्हय" म्हणल्यात?