आईच्या केसांतली शाई
शाईच्या पॅडचा वास आला की मला परभणीचा दवाखाना आठवतो. आईला सारखा दम लागत होता. तब्येत आणखी बिघडली तर मशीन लावायचं नाही, असा कागद डॉक्टरांनी पुढं ठेवला आणि माझा हात काही सहीला उठेना. शेवटी आईनंच अंगठा पुढं केला. "आन इकडं. मला नळ्या लावून ठिवू नको, बाई. लय झालं. घरी ने, लिंबाखाली खाट टाक." अंगठा उमटवला आणि सवयीनं शाई पांढऱ्या केसांना पुसली. लिंबाखालीच ती शांतपणे गेली. शेवटची आंघोळ घालताना ती निळी रेघ मला धुववली नाही. परवा गंगाखेडला रजिस्ट्रीत सहीसोबत अंगठाही दिला, नकळत केसांना पुसला. घरी आरशात निळी रेघ उठून दिसली. माझे केस तिच्याएवढे पांढरे कधी झाले, कुणास ठाऊक.