शेवंडीच्या शेपटीचं शिरस्त्राण

चिपळूणला पत्रकांचे गठ्ठे बांधत होते तेव्हा सौदीतल्या जुबैलहून अब्बांचा फोन आला. "इब्राहिम गेला गो... वरून पाना पडला डोक्यात." मी विचारलं, "हेल्मेट होतं ना?" फोन चालूच होता. मागे कंपनीच्या बसचा हॉर्न वाजत होता. मग म्हणाले, "अम्मीला सांग," आणि खलास.

याला सात आठवडे झाले. कंपनीच्या अहवालात एक ओळ आहे: मृताने हेल्मेट घातलं नव्हतं. दफन तिकडेच झालं, त्यामुळे जुबेदाचाचीच्या हाती नवऱ्याची शेवटची खबर म्हणून हीच ओळ आली. ती एकच विचारते, "उघड्या डोक्यानं कामावर जाणारा होता का गो तो?" नव्हता. एवढंच सांगण्यासाठी मी हे लिहितेय.

इब्राहिमचाचा अब्बांचा कामगार कॅम्पातला सोबती, दाभोळ खाडीकाठचा, पत्राकामातला पक्का कारागीर. गेल्या हिवाळ्यात अम्मी आणि मी अब्बांकडे व्हिजिट व्हिसावर गेलो, तेव्हा अब्बांनी घेतलेल्या भाड्याच्या घरी तो दर शुक्रवारी जेवायला यायचा. कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, त्याला मोबाइलवर एक चित्र दाखवलं होतं: तीन-चारशे वर्षांपूर्वी युरोपातले घोडेस्वार घालायचे ते पोलादी शिरस्त्राण. दिवाणखान्यात मांडायला तशी आठ हवी होती. नाकासमोर सरकती पट्टी, कानांवर झडपा, आणि मागे मानेवर एकावर एक चढलेल्या पट्ट्यांची शेपटी. चाचा चित्र बघून हसतच सुटला. "बाय, ही तर शेवंड गो! गोऱ्यांनी शेवंड डोक्यावर घातलीन!" मी नंतर वाचलं, तर गोरेही त्या शेपटीला शेवंडीचंच, लॉबस्टरचंच नाव देतात, आणि मूळ घडण त्यांनी तुर्की स्वारांकडून उचललेली. ते ऐकून चाचा आणखी खूश झाला. पहिला नमुना त्याने आमच्या दारात ठेवला आणि हातोडा उगारून दणकन हाणला. पोचा आला, चीर नाही. "तुझ्या पत्रकांपेक्षा माझा पत्रा टिकेल बघ." पोच्यामुळे कफीलला तो नमुना चालला नाही. सुट्टीवर येणाऱ्या एकाजवळ चाचाने तो घरी धाडला.

त्याच शुक्रवारी तो आणखी एक पोतं घेऊन आला होता. रविवारी तपासणी होती, म्हणून फोरमनने सगळ्यांची जुनी प्लॅस्टिकची हेल्मेटं, थिनर आणि निळा रंग दिला होता. दर तपासणीआधी हे असंच चालायचं आणि काम चाचाकडेच यायचं, कारण त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. त्याने प्रत्येक हेल्मेट थिनरने पुसलं, फवारलं. आतल्या कडेला कोरलेलं साल मला दिसलं; मुदत कधीच सरली होती. मी म्हटलं, "चाचा, नवीन मागा ना." तो म्हणाला, "तपासणी होऊन जाऊ दे, मग मागतो." आणि मी? कामगारांच्या सुरक्षेवर पत्रकं लिहिणारी मी ती हेल्मेटं गच्चीवरच्या दोरीवर ओळीने वाळत घातली. वाऱ्यावर हलत होती... आत डोकं नसलेली. थिनर आणि रंग प्लॅस्टिक खातात, ते आतून ठिसूळ होतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक असायला हवं होतं त्यांनीच थिनरचा डबा हातात दिला! दिवाणखान्यात मांडायच्या शिरस्त्राणाला जाड पोलाद, आणि पान्याखाली उभ्या माणसाला रंगवलेलं टरफल.

मागच्या आठवड्यात अब्बा सुट्टीवर आले. मी लिहीन म्हटल्यावर फोनवर मला दटावणारे तेच. "माझा इकामा त्यांच्या हातात आहे, विसरू नको." इकामा म्हणजे तिकडे राहायचा परवाना. आल्या दिवशी चहासुद्धा न घेता मला घेऊन जुबेदाचाचीकडे गेले. पिशवीतून लुंगीची गुंडाळी काढली, उलगडली. आत निळं हेल्मेट, मधोमध उभं फाटलेलं. पट्ट्यावर चाचाच्या अक्षरात त्याचं नाव. "डोक्यावरच होतं," अब्बा चाचीला म्हणाले. "मीच काढलं, सामानात लपवलं. फोनवर बोलायची हिंमत झाली नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिही."

चाचीने ते कपाटावर पोचा आलेल्या शेवंडीशेजारी ठेवलंय. मी त्याच्या कडेवर अंगठा दाबला, तर तुकडा पापडासारखा मोडून हातात आला.

अब्बांची सुट्टी अजून अकरा दिवस आहे. त्यांचं हेल्मेट तिकडे खोलीत खिळ्याला टांगलेलं आहे. तेही निळंच, चाचाने रंगवलेलं. दोरीवर मीच वाळत घातलं होतं.