गुरुदत्तकाकांची खरी बंदूक

अमेरिकेतल्या अल्फारेटा गावच्या मराठी घरांत गुरुदत्तकाकांइतका हट्टी माणूस दुसरा नाही. जन्मभर भूल देणारे डॉक्टर. लोकांना झोपवता झोपवता म्हातारे झाले आणि रिटायर झाल्यावर स्वतः जागे झाले ते बंदुकीच्या आवाजाने. गावाबाहेर पाइनच्या झाडांत एक नेमबाजीचा क्लब आहे. पानं तांबडी होऊ लागली की तिथे जुन्या घाटाच्या बंदुकांची मॅच भरते. तिच्यासाठी काकांनी अस्सल जुनी पंप शॉटगन आणली. पुढची मूठ मागे-पुढे ओढली की काडतूस भरणारी, पणजोबांच्या वयाची. नळीचा रंग उडालेला, दस्ता किती जणांच्या गालांना लागून गुळगुळीत झालेला.

आसावरी त्यांची लेक, इथेच जन्मलेली. तिने त्याच घाटाची नवी कोरी नक्कल आणली.

"बाबा, सेम डिझाइन, नवं स्टील. कधीच जॅम होणार नाही."

"नक्कल ती नक्कल. हिने शेतावरचे कावळे पाहिलेत. तुझीने फक्त खोका पाहिलाय."

"कावळ्यांनी हिला कधी मनावर घेतलं का, ते विचारा," आतून उत्तराकाकू म्हणाल्या. मग बाहेर येऊन त्यांनी निकालच दिला, "अहो, कुलपाचं कपाट एक आणि त्यात जागाही एकीचीच. मॅचमध्ये जी अडेल ती विकायची."

काकांनी हसून मान डोलावली, पण रात्री बंदुकीवरून हात फिरवत बसले.

मॅच नेमकी दसऱ्याला आली. सकाळी शस्त्रपूजा. दरवर्षी पाटावर स्टेथोस्कोप, विळी आणि आसावरीचा लॅपटॉप असायचा. यंदा मधोमध काकांची बंदूक विराजमान झाली. रिकामी आहे हे दिसावं म्हणून क्लबच्या शिस्तीप्रमाणे काडतुसाची खाच उघडीच ठेवलेली. आसावरीने आपली शेजारी ठेवली, तर काकांनी ती उचलून बाजूला केली.

"पूजा अस्सल शस्त्राची असते."

"दाराला तोरण मात्र प्लास्टिकचं," काकू पुटपुटल्या आणि त्यांनी सढळ हाताने अक्षता टाकल्या.

क्लबच्या मैदानावर काकांचा पहिला बार झाला आणि निशाणाची लोखंडी पाटी धाडकन आडवी झाली. काकांनी ऐटीत मूठ ओढली. मूठ अर्ध्यावर आली आणि बसकण मारलेल्या बैलासारखी तिथेच थांबली. ना पुढे, ना मागे. त्यांचा नंबर गेला. आसावरी उभी राहिली आणि तिने साऱ्या पाट्या झोपवल्या.

काकांनी बाकावर बंदूक खोलली, उलटी केली. लाल-लाल कण रुमालावर टपटपले.

"गंज?" शेजारच्या गोऱ्या आजोबांनी हळहळून विचारलं.

काकूंनी वाकून पाहिलं. घरचा तांदूळ ओळखायला त्यांना चष्मा लागत नाही. कुंकू तर सकाळी त्यांनीच कालवलं होतं.

"विकायची ठरलीय ना?" काका खालच्या आवाजात म्हणाले.

काकूंनी रुमालाची पुरचुंडी बांधली. "मोठं कपाट बघा," त्या म्हणाल्या. "पुढच्या दसऱ्याला दोघींना नुसतं फूल. तांदूळ भाताला."

परतीच्या वाटेवर काकांना कंठ फुटला. "तिच्यावर अक्षता टाकल्या असत्या तर नक्कलही अडली असती!"

"पण टाकल्या नाहीत ना," आसावरी गाडी चालवत म्हणाली.

"कुणामुळे?" काकूंनी विचारलं.

काकांनी फोनवर मोठ्या कपाटांच्या किमती बघायला घेतल्या.