झाकलेलं टेबल

आमच्या घरात कुठलीही वस्तू सुखाने मरत नाही. अंड्यांचा ट्रे रिकामा झाला की त्याचे डोंगराचे कडे होतात, बुटांचं खोकं फाटलं की त्याचं कोठार होतं, आणि भांडी घासायची हिरवी घासणी झिजली की तिची शेताच्या कडेची झुडपं होतात. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात माझा नवा मिक्सर आंघोळीच्या स्पंजाने जाम झाला. मी ओरडत स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर हे शांतपणे म्हणाले, "अगं, जंगल करतोय." आता माहेरी काय सांगणार होते मी, जावई जंगल करतो म्हणून?

आमचे हे हॉस्पिटलात प्लास्टर घालतात. मोडलेला हात, मोडलेला पाय समोर आला की पट्टी भिजवायची आणि गुंडाळायची, हे त्यांचं दिवसभराचं काम. घरी आले की टेबलावरच्या लढायांसाठी जमीन तयार करायची. हा एक खेळ आहे. चांगली मोठी, कमावती माणसं अंगठ्याएवढे सैनिक मांडतात, मोजपट्टीने अंतर मोजतात, फासे टाकतात आणि एकमेकांची फौज कापून काढतात. त्या सैनिकांच्या पायाखाली टेकड्या लागतात, नदी लागते, पूल लागतो, एखादं पडकं गाव लागतं. ते सगळं ह्यांच्या हातचं. स्वतः मात्र खेळत नाहीत. फासा हातात घेतला की ह्यांना घाम फुटतो. क्लबात सगळे त्यांना पुठ्ठेमास्तर म्हणतात, आणि ते नाव त्यांना मनापासून आवडतं.

त्यांच्यासोबत काम करणारा एकजण मागे म्हणाला होता, "अहो, हॉस्पिटलातली दोन रोल पट्टी घरी न्या की. टेकडी चुटकीसरशी उभी राहील." हे म्हणाले, "ती कुणाच्या तरी पायाची आहे." झालं. तेव्हापासून आमच्या घरात टेकड्या होतात त्या जुन्या वर्तमानपत्रांच्या आणि मैद्याच्या खळीच्या. चार-चार दिवस वाळत नाहीत आणि घरभर आंबूस वास सुटतो. प्रामाणिकपणाला वास असतो हे मला ह्या घरात आल्यावर कळलं.

आणि माती? माती चहाच्या चोथ्याची. चोथा खिडकीत कागदावर पसरून वाळवायचा, पांढऱ्या डिंकावर भुरभुरवायचा, की हुबेहूब नांगरलेली जमीन. वाळवायचं काम माझ्याकडे. आलेल्या पाहुण्याने दुसरा कप नको म्हटलं की आमच्या ह्यांचा चेहरा पडतो.

खेळायचं काम धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या दिराचं. लहानपणापासून दोघांची वाटणी ठरलेली. ह्यांनी उशा आणि पांघरुणं रचून डोंगर करायचे आणि भाऊजींनी ते जिंकायचे. भाऊजी फरश्यांच्या दुकानात विक्रीला आहेत. जिभेवर खडीसाखर. न्हाणीघराची फरशी घ्यायला आलेल्या माणसाला अख्ख्या घराची गळ्यात मारतील. ह्यांच्या बरोबर उलट. एकदा मदत करतो म्हणून त्यांनी थर्माकोलच्या टेकडीवर सरळ डब्यातल्या रंगाचा फवारा मारला. थर्माकोलवर आधी डिंकाचा हात द्यावा लागतो, नाहीतर तो रंग थर्माकोलच खाऊन टाकतो. आठवडाभराची मेहनत डोळ्यांदेखत फसफसत बसली. मी असते तर कानाखाली काढली असती. हे म्हणाले, "असू दे रे. खाण झाली म्हणू." आणि खरंच त्या खड्ड्याला फळ्या, शिडी लावून दगडाची खाण केली. भावाने काहीही बिघडवावं आणि ह्यांनी ते निस्तरून वर छान दिसेल असं करावं, ही त्यांची जन्माची रीत.

आमच्या घराची एक किल्ली भाऊजींकडे असायची. असावी की. सख्खा भाऊ.

आता क्लबाचा नियम सांगते, कारण सगळं त्याच्यावरच उलटलं. क्लब एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर आहे. वर्षातून एकदा स्पर्धा असते आणि तिच्या शेवटच्या सामन्याचं टेबल कोणत्याही खेळाडूने आधी पाहिलेलं चालत नाही. कुठल्या टेकडीमागून काय दिसतं हे ज्याला आधी ठाऊक, तो अर्धी लढाई जिंकला. म्हणून टेबल घरी करायचं, चादरीखाली न्यायचं, आणि सगळ्यांसमोर पंचांनी विचारायचं, "मास्तर, टेबल कसं आहे?" त्यावर करणाऱ्याने म्हणायचं, "झाकलेलं आहे." एवढाच शब्द. ना सही, ना साक्षीदार. वर्षानुवर्षं हे तो शब्द उच्चारत आले, आणि तो उच्चारताना त्यांची मान जरा ताठ व्हायची. हॉस्पिटलात त्यांना 'ए प्लास्टर' म्हणून हाक मारतात. इथे त्यांच्या एका शब्दावर चादर निघायची. त्या शब्दासाठीच ते सगळा खटाटोप करत होते, असं मला वाटतं.

त्या वर्षी भाऊजी पहिल्यांदा शेवटच्या सामन्यापर्यंत पोचले. क्लबात कुजबुज झाली, भावाचं टेबल आणि भाऊच खेळणार? पंच म्हणजे आमचे घड्याळवाले, घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं. म्हणाले, "पुठ्ठेमास्तरांचा शब्द आहे ना? मग झालं." हे मला घरी येऊन सांगताना ह्यांचे डोळे भरून आले होते. त्याच दिवशी त्यांनी भावाला सांगितलं, "सामना होईपर्यंत घरी येऊ नकोस." भाऊजी हसून म्हणाले, "वहिनींच्या हातच्या जेवणाला मुकणार मी, पण ठीक आहे."

मागच्या खोलीत खोरं तयार होत होतं. मधून नदी, नदीवर पूल, पुलापाशी पाणचक्की आणि दोन्ही बाजूंना टेकड्या. मी शाळेच्या ऑफिसात नोकरी करते, संध्याकाळी घरी येते. एका संध्याकाळी आले तर गाळणीत ओला चोथा. सकाळचा चोथा मी काढून वाळत घातला होता. मला वाटलं, हे मधल्या सुट्टीत येऊन चहा घेऊन गेले असतील. मी तोही कागदावर पसरला. पाणचक्कीकडे जाणारी वाट त्या चोथ्याची आहे.

सामन्याच्या दिवशी टेम्पोत मी नदी मांडीवर घेऊन बसले होते. भाऊजींसमोर होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. खेळात फार तिखट. घड्याळवाल्यांनी विचारलं, ह्यांनी मान ताठ करून सांगितलं, "झाकलेलं आहे," आणि चादर निघाली. सगळ्यांच्या तोंडून 'अहाहा' निघालं. भाऊजींनीही "अहाहा" म्हटलं. मला ते अजून ऐकू येतं.

डॉक्टरीणबाईंनी आपला सेनापती पाणचक्कीच्या आड नेऊन ठेवला. तिथे तो सुरक्षित होता, निदान दिसत तरी तसंच होतं. ह्या खेळात तोफ डागायची तर आधी खाली वाकतात. गुडघे मोडून, डोळा टेबलाच्या कडेला लावून, सैनिकाच्या उंचीवरून बघतात की समोरचा दिसतोय का. उभ्याने काही कळत नाही. गुडघेदुखीवाले घड्याळवालेसुद्धा कण्हत कण्हत वाकतात. क्लबात शिरलं की सगळे असे ओणवे दिसतात, कुणाचं काहीतरी हरवल्यासारखे.

भाऊजी वाकले नाहीत. त्यांनी टेबलाच्या कडेपासून मोजपट्टी लावली, तोफ उचलून टेकडीच्या खांद्यावर एका ठिकाणी नेमकी ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "सेनापतीवर."

"दिसतोय?" घड्याळवाल्यांनी विचारलं.

"दिसतोय."

घड्याळवाले वाकले. टेकडी आणि पाणचक्की ह्यांच्यामध्ये बोटभर फट होती. वरून ती झुडपांनी झाकलेली, पण त्या एका जागेवरून पाहिलं तर आरपार. फटीतून सेनापतीची टोपी स्वच्छ दिसत होती. घड्याळवाले बराच वेळ उठलेच नाहीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही वाकला नाहीत."

"काय?"

"मी दिवसभर वाकूनच असते हो, कोण वाकलं आणि कोण नाही ते मला कळतं. तुम्ही न बघता तिथे तोफ ठेवलीत. तुम्हाला ती फट माहीत होती."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. कळलं होतं त्यांना. माझ्याही डोक्यात तेव्हाच प्रकाश पडला. तो ओला चोथा! आमच्या घरी येऊन, आमचाच चहा पिऊन, चादर उचलून, मोजपट्टी लावून गेला होता हा माणूस.

भाऊजींनी मोजपट्टी टेबलावर ठेवली. त्या एका क्षणात त्यांनी हिशोब केला, हे मी शपथेवर सांगेन. चोरून पाहिलं म्हटलं तर क्लबातून कायमची हकालपट्टी. दाखवलं म्हटलं तर फक्त सामना जाईल, कारण शब्द टेबल करणाऱ्याचा असतो, खेळणाऱ्याचा नसतो. मग ते हसले, तेच ते फरशी विकायचं हसू.

"आता कशाला लपवायचं? दादानेच दाखवलं. भाऊ पहिल्यांदा इथवर आला म्हणून त्याला राहवलं नाही. त्याला काही बोलू नका, माझी चूक आहे, मी बघायला नको होतं. सामना सोडला मी."

म्हणजे वरून दिलदारही तेच!

"मास्तर, खरं का हे?" घड्याळवाल्यांनी विचारलं.

"नाही," हे म्हणाले. फक्त तेवढंच. ह्यांना कधी दोन वाक्यं सलग बोलता आली आहेत का!

"दादा, जाऊ दे ना आता," भाऊजी हळूच म्हणाले, आजाऱ्याला समजवावं तसं.

मग मला राहवेना. मी सगळ्यांसमोर सांगितलं की भाऊजींकडे आमची किल्ली आहे, ते दुपारी येऊन गेले, मला गाळणीत चोथा सापडला. माझा आवाज चिरकत होता. भाऊजी म्हणाले, "वहिनी, चहाच्या चोथ्यावरून चोर पकडताय?" दोघं-तिघं हसले. वाईट मनाने नाही, हसू आलं म्हणून हसले. पण हसले. नवऱ्याला वाचवायला बायको काहीही बोलणारच, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. आणि ज्याने स्वतः होऊन सामना सोडला, तो कशाला खोटं बोलेल? केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि कापणारा ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता.

घड्याळवाले जाताना ह्यांना म्हणाले, "मास्तर, भावासाठी माणूस घसरतो. समजू शकतो आम्ही. पण पुढच्या वर्षीपासून टेबल दुसरीकडून करून घेऊ." त्यांनी क्षमा केली, हेच मला जास्त लागलं. जे केलंच नाही त्याची क्षमा.

खोरं आम्ही परत आणलं. ते मागच्या खोलीतच आहे. ह्यांनी त्याला हात लावला नाही. अंड्यांचे रिकामे ट्रे मी आता कचऱ्यात टाकते आणि ते काही म्हणत नाहीत.

महिन्याभराने भाऊजी आले. बेल वाजवून आले, कारण किल्ली मी काढून घेतली होती. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. ह्यांनी मात्र खुर्ची दिली. म्हणाले, "मी कुणाला सांगणार नाही. क्लबात जाणार नाही. तू खेळ. फक्त इथे, घरात, एकदा खरं सांग मला."

भाऊजींनी ह्यांचा हात हातात घेतला. त्यांचे डोळे अगदी ओले होते. "दादा, असं काय करतोस? तूच नाही का चादर उचलून दाखवलीस? म्हणालास, बघ रे, फट कशी साधली आहे. आठवत नाही तुला?"

मी उठून दार उघडलं. "निघा," म्हटलं. "पुन्हा ह्या घरात पाऊल टाकलंत तर माझ्याशी गाठ आहे." ते गेले, जाताना माझ्याकडे बघून कीव आल्यासारखी मान हलवली. दार मी इतक्या जोरात लावलं की वरचा बोल्ट निखळला.

हे खुर्चीतच बसून होते. मला वाटलं रडतील, चिडतील, एखादी वस्तू तरी फेकतील. मीच आतून पेटले होते. मी म्हणत होते, "पाहिलंत? अजूनही तेच! देवळातल्यासारखा चेहरा करून!" त्यांचं लक्ष नव्हतं. ते मागच्या खोलीच्या दाराकडे बघत होते, विसरलेलं काही आठवत असल्यासारखे.

मग त्यांनी मला विचारलं, "फट साधली आहे, हे मी खरंच म्हटलं असतं गं. माझंच वाक्य आहे ते. मी दाखवलं तर नसेल ना त्याला?"

"नाही," मी म्हणाले. "तुम्ही दाखवलं नाही. तुम्ही हॉस्पिटलात होतात."

"हो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. आता ते विचारत नाहीत, नुसते माझ्याकडे बघतात. मी समोर असेल ते काम सोडते आणि सांगते, "नाही. तुम्ही दाखवलं नाही." आणि ते मान हलवतात, पटल्यासारखी, माझं मन राखायला.