बुबुश कोण, ते अगायना विचारा

काराबुलुंग गावच्या शाळेत एकोणीस वर्षं इतिहास शिकवल्यावर साइराकानला फर्मान आलं: दोन वर्षांच्या आत एमए करा, नाहीतर वरचे वर्ग सोडा. बाई हट्टाची. पंचेचाळिसाव्या वर्षी तिने शहरातल्या विद्यापीठात नाव घातलं. लेखी पेपर झाले, परकी भाषा झाली. राहिले दोनच, प्रबंध आणि एक छापील लेख.

विषय तिचा स्वतःचा होता. सोव्हिएत सामुदायिक शेतीच्या काळात सरकारी मेंढ्या घेऊन हिवाळी कुरणांवर राहिलेल्या मेंढपाळ बायका. घोड्यावरून, मिळेल त्या ट्रकमधून फिरून तिने एकेकीच्या आठवणी उतरवून घेतल्या. पहिली वही आईची, बुबुशची. त्याच हिवाळ्यात आई गेली.

तिचे मार्गदर्शक तोकतोसून अगाय म्हणाले, "वह्या ठेव माझ्याकडे, पोरी. लेखाचं मी बघतो." आता आम्हा किरगिझांत आपल्या अगायकडे, म्हणजे सरांकडे, पोच मागायची म्हणजे त्यांच्या तोंडावर थुंकण्यासारखंच. तिने वह्या दोन्ही हातांनी दिल्या, वर घरचं लोणीही दिलं.

मे महिन्यात प्रबंध तपासणीला गेला. कचेरीतली मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "साइराकान एजे, चौसष्ट टक्के नक्कल निघालीय."

"कुणाची गं?"

"तोकतोसून अगायच्या लेखाची."

साइराकानने लेख उघडला. नाव एकट्या अगायचं. आणि मधोमध आईचं वाक्य, जसंच्या तसं: 'लांडग्याला मी कधी भ्याले नाही, मेंढ्या मोजायला येणाऱ्या साहेबाला भ्याले.' केसाने गळा कापला हो या माणसाने!

ती तडक त्यांच्याकडे गेली. अगायनी शांतपणे चहा ओतला.

"एवढं काय त्यात? जुळतंय तिथे माझा संदर्भ टाक. मग ती नक्कल राहत नाही. नियमच आहे तसा."

"अगाय, ती माझी आई आहे!"

"असेल ना. पण छापलंय मी. तुझ्या लेखाची अट मी माफ करून घेतो. आणि प्रबंधावर सही माझी लागते, विसरू नकोस."

तीन दिवस ती धुमसत राहिली. चौथ्या दिवशी एकाहत्तर ठिकाणी त्यांचं नाव टाकलं.

तोंडी परीक्षेत समितीतल्या एका बाईंना ते लांडग्याचं वाक्य फार आवडलं. "या बुबुश आजी कोण हो? अगायना कुठे भेटल्या?"

अगाय खिडकीबाहेर बघत होते. खरं बोललं तर सही गेली, पदवी गेली.

"मी नाही ओळखत," साइराकान म्हणाली. "अगायनाच विचारा."

ती एकमताने पास झाली. रीतीप्रमाणे समितीला जेवण तिचंच होतं, आणि मेंढीच्या मांसातलं, सगळ्यात वडीलधाऱ्याला द्यायचं मानाचं हाड तिनेच अगायच्या पुढ्यात ठेवलं. जेवण उरकल्यावर आशीर्वाद द्यायला वडीलधारे तेच. तळहात उघडून ते म्हणाले, "पोरीने नाव काढलं. तिच्या आईच्या आत्म्याला शांती मिळो."

सगळ्यांबरोबर साइराकाननेही तोंडावरून हात फिरवले आणि आमीन म्हटलं.