सुकतीचा पत्ता

प्रोग्रामचे तुकडे एकमेकांना जोडणाऱ्या लिंकरशी मी नोकरीत दहा वर्षं भांडत आले आहे, पण तो एक दिवस माझ्या बाबांची बाजू घेईल असं कधी वाटलं नव्हतं.

बाबा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. मांडवी किनाऱ्याचं पाणी रोज किती वाजता चढेल आणि किती वाजता उतरेल, याचं गणित त्यांनी नोकरीत असतानाच फोरट्रान या जुन्या भाषेत लिहून ठेवलं होतं. त्यांचा कॉम्प्युटर कायमचा बंद पडला, गणिताची फाइल तेवढी वाचली, आणि शेजारची काकू हवालदिल झाली. खडकांवरची कालवं काढायला ती बाबांना वेळ विचारूनच जायची. मी घरून काम करायला पुण्याहून रत्नागिरीला आलेच होते, म्हणून फुशारकी मारली, "फोनवर दिसेल असं करून देते. ते जुनं टाकून द्या बाबा, मी सगळं सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहिते."

बाबांचा चेहरा पडला. चहा तसाच ठेवून ते म्हणाले, "रविवारी सकाळची सुकती हाय. पाणी उतरेपर्यंत माझं न् तुझं जोडून बघ. नाय जमलं तर टाक."

मला लाज वाटली आणि चेवही आला.

दोन भाषांना एकत्र नांदवायचं तर मी सीमेक वापरते. कुठली फाइल मशीनच्या भाषेत उतरवायला कुठल्या कंपायलरकडे द्यायची आणि शेवटी सगळ्यांचा एक प्रोग्राम कसा जोडायचा, हे त्याला लिहून द्यावं लागतं. रविवारी सातला मी ते लिहून दिलं, माझ्या भागातून बाबांच्या गणितांना नावाने हाक मारली, तर लिंकर म्हणाला: 'भरती' सापडत नाही, 'ओहोटी' सापडत नाही.

पहिली चूक लगेच दिसली. भाषांच्या यादीत मी फक्त सी प्लस प्लस लिहिलं होतं, त्यामुळे सीमेकने बाबांची फाइल मुकाट्याने बाजूला ठेवली होती. यादीत फोरट्रान घातलं. इतक्या वर्षांचं ते लिखाण एकही कुरबुर न करता कंपाइल झालं! मी खुर्चीतून उठलेच. पण लिंकरचं रडगाणं तेच.

मग आठवलं, फोरट्रानचा कंपायलर प्रत्येक नावाला शेपटी लावतो, शेवटी अंडरस्कोरची एक आडवी रेघ. माझ्या बाजूनेही शेपट्या जोडल्या आणि भरती सापडली! ओहोटीचा मात्र पत्ता नाही. साडेनऊ झाले. सगळं पुसून पुन्हा बिल्ड केलं, सीमेकला मनसोक्त शिव्या घातल्या. काकू कोयती आणि टोपली घेऊन पायरीवर येऊन बसली होती.

"बाबा, तुमची ओहोटी कुठे गेली?" मी ओरडले.

बाबा दारात आले. "ओहोटी? ओहोटी कोण म्हणतं गो आपल्याकडं?"

"पुण्याची झाली हो ही!" काकू खो खो हसली.

मी कंपाइल झालेल्या फाइलीतली नावं छापून पाहिली. 'भरती', शेपटीसकट. तिच्या खाली 'सुकती'.

ओहोटीला आमच्या घरात सुकतीच म्हणतात. लहानपणापासून ऐकलेला शब्द! फाइलीत वर भरती दिसली, तेव्हा खाली ओहोटी असणार असं मी धरून चालले होते. बाबांचं लिहिलेलं मी वाचलंच नव्हतं, आणि न वाचता टाकायला निघाले होते. मला खरंच रडू आलं. तसंच डोळे पुसत नाव बदललं, बिल्ड दाबलं, आणि लिंक झालं! मी अशी किंचाळले की काकूच्या हातातली टोपली पडली.

"सुकती, अकरा वाजून बारा मिनिटं!" मी स्क्रीनवरचं वाचलं.

तिघंही जवळजवळ धावतच किनाऱ्याकडे निघालो. काकू खडकांवर उतरली आणि बाबा घड्याळ धरून उभे राहिले. अकरा दहालाही पाणी मागे सरकत होतं. मग पाणी जागीच थांबलं, आणि जरा वेळाने एका खळगीत पुन्हा शिरलं.

"चौदा," बाबा म्हणाले. "दोन मिनिटं इकडंतिकडं चालायचंच."

त्यांनी माझा फोन मागून घेतला. वेळा दाखवणारं पान मी आधीच बनवून ठेवलं होतं. डोळ्यांजवळ धरून त्यांनी ते सावकाश वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"हितं तू ओहोटी लिवलंयस," ते म्हणाले. "तेवढं टाक."