गळ्याखालचा देवमण

घोडा विकत घ्यायला गेले की मी आधी घोड्याकडे बघत नाही, त्याची बांधायची जागा बघते. खुंटा कुरतडलेला असेल तर घोड्याला खोड आहे. पुढची जमीन उकरलेली असेल तर घोडा उतावळा आहे. मालक तोवर त्याचं कौतुक करत असतो. ते ऐकायची गरज नसते.

सुदुंबरे गावाजवळच्या एका घरी मी मध्यस्थासोबत गेले तेव्हा जानेवारी चालू होता. खुंटा शाबूत होता, जमीन सपाट, लीद घट्ट. घोडा उन्हात मागचा एक पाय सैल सोडून उभा होता. आम्ही जवळ गेलो तर त्याने नुसता एक कान वळवला. मला तो तिथेच आवडला. आवडलं की चेहरा कोरा ठेवायचा, हे मी फार पूर्वीच शिकले होते.

लोणावळ्याजवळ भाड्याच्या जागेत मी मुलांना घोडेस्वारी शिकवते. शनिवार-रविवारी बंगल्यांवर येणारी मुलं, एरवी गावातल्या शाळांतली. उंच, देखणे, तापट घोडे या कामाचे नाहीत. मला लागतो बुटका, रुंद छातीचा, जाड हाडाचा आणि थंड डोक्याचा. इंग्रजी पुस्तकांत अशा बांध्याला कॉब म्हणतात. आमच्याकडे त्याला तट्टू म्हणून मोकळे होतात आणि वरातीलाही कोणी नेत नाही. माझा म्हातारा घोडा त्या वर्षी थकला होता आणि त्याच्या जागी दुसरा मिळत नव्हता.

या घोड्याची खबर खंडाळ्याच्या आबांनी आणली होती. आबांनी तीस वर्षं पर्यटकांना घोड्यावरून फिरवलं, आता गुडघे गेले म्हणून घोड्यांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करतात. ते गाडीतच म्हणाले, "बाई, जनावर सोन्यासारखं हाय. पर आसूढाळ हाय, म्हनून कोन हात लावंना. तुमी मानत न्हाई ना?"

"मी नाही मानत."

"मग झालं तर. न मानणाऱ्याचाच फायदा असतोय."

आसूढाळ म्हणजे घोड्याच्या डोळ्याखाली केसांचा भोवरा. असा घोडा मालकाला रडवतो म्हणतात. खरं तर भोवरे प्रत्येक घोड्याच्या अंगावर असतात, माणसाच्या टाळूवर असतो तसेच. पण कुठला भोवरा कुठे आहे यावर आमच्याकडे घोड्याची किंमत निम्मी नाहीतर दुप्पट होते. लंगडे घोडे चांगल्या भोवऱ्याच्या जोरावर खपलेले मी पाहिले आहेत.

घरात तिघं होती. सासू ओट्यावर, मुलगा पायाला प्लास्टर घालून खाटेवर, आणि सून घोड्याची दोरी धरून अंगणात. हकिगत सासूनेच सांगितली. त्यांच्याकडे एक घोडी होती. बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळवतात, त्या कामात ती नावाजलेली होती. ती व्याली आणि चौथ्या दिवशी मेली. शिंगरू जगायचं नाही, सोडून दे, असं सगळ्यांनी सांगितलं. सुनेने ऐकलं नाही. गाईच्या दुधात पाणी आणि थोडी साखर घालून, रात्रंदिवस दर दोन तासांनी बाटली देऊन तिने ते वाढवलं. ते जगलं, पण आईसारखं पळणारं निघालं नाही, असं जाडजूड झालं. मग दिवाळीनंतर मुलगा कंपनीतून सुटून येताना मोटरसायकलवरून पडला. त्याला बघायला आलेल्या कोणीतरी घोड्याच्या डोळ्याखालचा भोवरा दाखवला.

"घोडी गेली, ह्याचा पाय गेला," सासू म्हणाली. "सगळं त्यापायी."

"मुकं जनावर काय करणार," मी म्हटलं.

"मुकं न्हाई करत. जगवणारं करतं." तिने सुनेकडे नुसतं पाहिलं.

मी कामाला लागले. ओठ वर केले. मधले दोन-दोन दात पक्के, बाजूचे दुधाचे. तीन वर्षांचा असं सांगितलं होतं ते खरं होतं. डोळ्यांपुढून हात नेला, दोन्ही पापण्या मिटल्या. पाठ आखूड, कंबर भरलेली, खांदा थोडा उभा. वेगाला वाईट, पण मुलाला खोगिरात घट्ट बसवायला काही हरकत नाही. मागचे पाय घोट्यापाशी जरा आत वळलेले, पण तेवढं खपतं. चारही पायांच्या शिरांवरून हात फिरवला. गरम नाही, सूज नाही. खूर उचलून वास घेतला. पुढचा उजवा खूर एका बाजूला पसरला होता, पण तो दोष नाल ठोकणाऱ्याचा होता. मग सुनेला म्हटलं, "डांबरी रस्त्यावर पळवून दाखव. सरळ ने, सरळ आण."

तिने पदर खोचला आणि त्याच्या बाजूने पळत सुटली. पळताना घोड्याचं डोकं बघायचं असतं. दुखरा पाय टेकला की डोकं वर उडतं, चांगला टेकला की खाली येतं. याचं डोकं जाताना आणि येताना एका रेषेत होतं. धाप लागली ती सुनेला. घोड्याच्या फासळ्या मिनिटभरात शांत झाल्या.

शेवटी मान. श्वासनळी चाचपायला मी गळ्याखाली हात घातला. थंडीमुळे तिथली लव दाट झाली होती. त्या लवेत, नळीच्या बरोबर मधोमध, माझ्या बोटाला केसांचा वळसा लागला. बोट थांबलं.

त्या जागेच्या भोवऱ्याला देवमण म्हणतात. घोड्यांच्या जुन्या जाणकारांचा नियम असा आहे की ज्याच्या गळ्याला देवमण, त्याचे बाकीचे सगळे दोष माफ. आसूढाळसुद्धा. आबांना हा नियम पाठ होता. सासूलाही माहीत असणार, शर्यतीच्या घोडीचं घर ते. फक्त कोणी लवेत हात घालून बघितलं नव्हतं. डोळ्याखालचा लांबून दिसतो, गळ्याखालचा शोधावा लागतो.

मी हात काढून घेतला.

"मॅडम, मान नीट बघितली का?" सून म्हणाली. अजून तिला धाप होती.

"बघितली."

"काय हाय का तितं?"

"श्वासनळी चांगली आहे."

"तू गप गं," सासू ओरडली. "त्यांना शिकवतीस व्हय?" मग माझ्याकडे वळून तिने वेगळ्याच, हळू आवाजात विचारलं, "मॅडम, तुमी शिकल्या-सवरलेल्या. शेकड्यानं घोडी बघितली आसतील. आसूढाळ खरा का खोटा, तुमीच सांगा."

खाटेवरचा मुलगाही मान उचलून बघत होता. सून दोरी हाताला गुंडाळत होती. खोटा, एवढा एक शब्द पुरला असता.

"लोक मानतात," मी म्हटलं.

सत्तर हजारांवर अडलेला सौदा पंचेचाळीसवर ठरला. परतताना आबा खूष होते. "बाई, खोटं न्हाई बोलला आन् खरं बी न्हाई. माजं आयुष्य गेलं ह्या धंद्यात, पर असं वाक्य न्हाई जमलं."

मी हसले. तेही आठवतं.

घोडा माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला निघाला. पावसात, फटाक्यांत, रस्त्यावरच्या गाड्यांत कधी बुजला नाही. एक मुलगी वर्षभर नुसती कुंपणाशी उभी राहायची. ती पहिल्यांदा याच्यावर बसली आणि उतरायला तयार होईना. रोज सकाळी खरारा करताना माझा हात गळ्याखाली आला की घाई करायचा. मी स्वतःला सांगायचे की सौद्यात प्रत्येकजण असंच करतो. आणि जे मी मानतच नाही ते सांगायचं तरी कसं? हे दुसरं कारण मला विशेष आवडायचं. त्यात मी तत्त्वाची बाई ठरत होते. पण न मानणाऱ्या बाईने सासूच्या प्रश्नाला काय उत्तर दिलं होतं, तिथे ते कारण दर वेळी बंद पडायचं.

पुढच्या डिसेंबरात आबा नाल ठोकणाऱ्याला घेऊन आले. बोलता बोलता म्हणाले, "त्या घरानं शर्यतीला दोन खोंडं घेतली. झकास हायती. पर सुनंला गोठ्यात पाय ठेवू देत न्हाईत."

"का?"

"हाताला गुण न्हाई म्हनत्यात. गाय ती धुवत न्हाई, धार ती काढत न्हाई. म्हातारी कंबर मोडून सगळं करती, पर तिला शिवू देत न्हाई."

"कोण म्हणतं असं?"

आबांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. "सगळीच की. तवा आसूढाळाचं तुमी बी न्हाई का म्हनला, लोक मानत्यात म्हनून? पुण्या-मुंबयची मॅडम म्हनली, म्हंजे खरंच आसंल, असं म्हनत्यात."

जी बाई दर दोन तासांनी उठून शिंगरू जगवते, तिच्या हाताला गुण नाही. आणि त्यावर शिक्का माझा.

दुसऱ्या दिवशी मी कात्री घेऊन त्याच्या गळ्याखालची लव कापली. भोवरा उघडा पडला, रुपयाएवढा, स्वच्छ. रविवारचे वर्ग रद्द केले, टेंपो ठरवला आणि घोड्याला घेऊन निघाले. आबांना नेलं नाही.

मुलगा दारातच होता. चालत पुढे आला आणि माझी नजर सवयीने पायाकडे गेली. उजवा अजून आखडता टाकत होता. सासू हात पुसत गोठ्यातून आली, सून स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

"परत आनला व्हय?" सासू म्हणाली. "रडवलं का तुमाला बी?"

"नाही. चांगला आहे, फार चांगला आहे. मी एवढंच सांगायला आले की भोवऱ्याने काही होत नाही. ते नुसते केस असतात."

सासू हसली. "आता केस झालं का? घेताना लोक मानत होती."

मी घोड्याची हनुवटी वर उचलली आणि म्हटलं, "हात लावून बघा."

ती जवळ आली. आधी डोळ्यांनी पाहिलं, मग बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं. "देवमण हाय ह्यो," ती मुलाला म्हणाली, आणि मग मला, "तवा दिसला न्हाई का?"

लव दाट होती, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते खरंही होतं.

"लागला होता हाताला," मी म्हटलं. "मी सांगितलं नाही."

मी पर्समधून पाकीट काढून मुलाच्या हातात दिलं, म्हटलं, त्या दिवशी जे कमी दिलं ते आहे. त्याने घेतलं, न मोजता खिशात ठेवलं. सून दारातून खाली उतरली.

"तुमचं बोट थांबलं होतं," ती म्हणाली. "मी बघत होते."

"तुला माहीत होतं?"

"बाटली पाजताना रोज तितंच खाजवायचे मी. घरात सांगितलं तर म्हनले, आपल्या जनावराचं कोनबी चांगलंच सांगतंय. म्हनलं, भायेरचं मानूस बोललं तर ऐकतील."

"मग तेव्हा सगळ्यांसमोर बोलली का नाहीस?"

"बोलले की," ती म्हणाली. "तुमाला दोनदा इचारलं."

तिने माझ्या हातातून दोरी घेतली. घोड्याने तिला ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही; त्याने तिच्या पदरात तोंड घालून खायला काही आहे का ते पाहिलं, तसं तो सगळ्यांचंच बघतो. ती त्याला घेऊन आळीत गेली. पहिल्याच दारापुढे थांबली, कोणाला तरी हाक मारली, घोड्याची हनुवटी वर केली. मग दुसऱ्या दारापुढे. देवळापर्यंत एकही दार तिने सोडलं नाही. काय बोलत होती ते मला ऐकू येत नव्हतं. बायका बाहेर येऊन वाकून बघत होत्या, एक-दोघींनी मागे वळून टेंपोकडेही पाहिलं. मी टेंपोच्या सावलीत उभी होते. तिथून मला हलता येत नव्हतं आणि बसताही येत नव्हतं.

पाऊण तासाने ती परत आली. दोरी माझ्या हातात दिली आणि बादली उचलली.

सासू ओट्यावर बसली होती. कोणाकडेही न बघता ती म्हणाली, "खोंडांना पानी न्हाई पाजलं अजून."

सून गोठ्यात गेली. आतून साखळी वाजली, एक खोंड हुंकारलं, आणि ती त्याच्याशी बोलत असल्याचा आवाज आला.

मला कोणी चहा विचारला नाही. मावळात दारात आलेल्याला चहा न विचारणं मी तेव्हा पहिल्यांदा अनुभवलं. मी घोडा टेंपोत चढवला, फळी लावली आणि निघाले. तळेगावला चालकाने चहासाठी गाडी थांबवली तेव्हा मी नको म्हटलं.

गळ्याखालची लव दर थंडीत वाढते आणि दर थंडीत मी ती कापते. मुलं विचारतात की हे गोल काय आहे. भोवरा आहे, केस तसे उगवतात, असं मी सांगते. एखादं चौकस मूल विचारतं, मग तेवढेच केस का कापता? मी त्याला खरारा देते आणि कामाला लावते.